काळ्या टोपीचा गुरुवार

"पाठवून द्या तिला," अण्णा म्हणाले. "मुदत वाढवू नका. नोटीस काढा आणि बोटीत बसवा."

इन्स्पेक्टरने कागदावरून मान वर केली. घरमालकाकडून तो दोन ओळी लिहून न्यायला आला होता. बाई वागायला बरी आहे, तिचा कुणाला त्रास नाही, एवढंच. त्यासाठी त्याने अर्धाच कागद आणला होता.

"कारण?"

"कारणं सहा आहेत. सावकाश सांगतो, लिहून घ्या."

आणि अण्णा सांगू लागले. बाई परदेशी. तिचा नवरा हयात नाही, म्हणजे ज्या नात्याने ती आली ते नातंच संपलं. चीनची लढाई होऊन फार दिवस झालेले नाहीत, तिचा चेहरा पाहून पेठेत लोक कुजबुजतात, उद्या कुणी दगड मारला तर जबाबदार कोण? वठारात, म्हणजे आमच्या चाळीत, नळ एक आणि बिऱ्हाडं सात. पुढची दोन कारणं मला आता आठवत नाहीत, पण तीही अशीच पक्की होती. अण्णा लिहिणाऱ्याच्या हाताकडे बघत बोलत. हात मागे पडला की थांबत, हात पोचला की पुढे जात.

रंगूनची, म्हणजे जिच्याबद्दल हे चाललं होतं ती बाई, दारात उभी होती. तिच्या हातात त्याच इन्स्पेक्टरसाठी केलेल्या कॉफीचा पेला होता. अण्णा कन्नडात बोलत होते, पण तिला तेवढं कन्नड येत होतं. तिने पेला खाली ठेवला नाही, पुढेही केला नाही.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "साहेब, आज गुरुवार आहे."

"मला ठाऊक आहे, अम्मा."

"तसं नाही. अण्णांचा गुरुवार आहे."

वेड्या बाईकडे बघावं तसं त्याने माझ्याकडे बघितलं. अण्णांनी सही केली, खाली तारीख घातली आणि शाई वाळेपर्यंत कागदावर फुंकर मारली. इन्स्पेक्टर कॉफी न पिता गेला. आठ दिवसांत नोटीस आली. महिन्याच्या आत देश सोडायचा.

जबाब दिला त्या सकाळीच अण्णांनी आपल्या हंड्यातलं कढत पाणी बादलीत घेऊन रंगूनचीच्या सासूच्या अंघोळीसाठी स्वतः तिच्या दाराशी नेऊन ठेवलं होतं. रोज ठेवत. नोटीस आली त्या दिवशीही ठेवलं. हे दोन्ही एकाच माणसाने कसं केलं, ते मला तेव्हा कळलं नाही. आता माझे केस पांढरे होऊन गळूनही गेले, तरी कळलेलं नाही. जे झालं ते सांगते, कुणाला कळलं तर बघा.

आमचं वठार चिकपेटच्या मागच्या गल्लीत होतं. मधे फरशीचं अंगण, दोन्ही अंगांना खोल्या, टोकाला एक नळ. माझे यजमान पेठेत रेशमी साड्यांच्या दुकानात मोजमापाला होते. मी चौथी शिकलेली. अण्णा आमचे घरमालक. घराणं आमच्यासारखंच जुनं, तीनशे वर्षांपूर्वी मराठी फौजेबरोबर इकडे आलेलं आणि इथलंच झालेलं. बायको फार पूर्वी गेली, मूलबाळ नव्हतं. कोर्टात तीस वर्षं बेंच क्लार्क होते. तीस वर्षं दोन्ही बाजूंचे वकील बोलले आणि अण्णांनी लिहून घेतलं. त्यांना कधी कुणी विचारलं नाही.

पेन्शनीत निघाल्यावर त्यांनी बोलायला सुरुवात केली. रोज संध्याकाळी पाच वाजता ते जगलीवर बसत. जगली म्हणजे रस्त्याकडचा ओटा. पेपरातला एखादा विषय घ्यायचा आणि त्यावर बोलायचं. पण त्यांचा नियम असा की सोमवार, बुधवार, शुक्रवार 'हो' म्हणायचं आणि मंगळवार, गुरुवार, शनिवार 'नाही'. लोकांना कळावं म्हणून 'हो'च्या दिवशी डोक्याला पांढरा रुमाल बांधत आणि 'नाही'च्या दिवशी काळी टोपी घालत. रविवारी डोकं उघडं आणि तोंड बंद.

कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाच्या शेट्टीला हे समजायला एक वर्ष लागलं. तिबेटचे लोक आपल्या मुलखात येणार, सरकार त्यांना जंगल तोडून जमीन देणार, अशी बातमी आली तेव्हाची गोष्ट. सोमवारी अण्णांनी रुमाल बांधून विचारलं, "आपले पूर्वज घोड्यावर बसून या गावात शिरले तेव्हा वेशीवर कुणी परमिट मागितलं होतं? आपण आत आलो म्हणून आता दार लावायचं?" शेट्टीला ते फार पटलं. मंगळवारी तो दुकान बंद करून आला, मांडी घालून बसला आणि कालचंच बोलला, "अण्णा म्हणतात ते खरं आहे, येऊ द्या बिचाऱ्यांना!" अण्णांनी टोपी सारखी केली आणि त्याच्यावर असे तुटून पडले की तो रडायचा राहिला.

"अरे, तुझ्या दुकानात तांदूळ किती आणि दारात माणसं किती, हे आधी बघशील का नाही? दया करायला अक्कल लागत नाही. दया केल्यावर दुसऱ्या वर्षी काय, ते सांगायला लागते!"

"अय्यो, काल तुम्हीच म्हणालात की!"

"काल सोमवार होता."

माझं आणि यजमानांचं एकदा जोराचं भांडण झालं. माझ्या भावाला आमच्याकडे राहायला आणायचं का, यावर. अण्णा बुधवारी आले आणि 'आणा' म्हणून मला शाबासकी देऊन गेले. गुरुवारी आले आणि यजमानांची पाठ थोपटून गेले. मग आम्ही दोघं मिळून त्यांच्यावरच चिडलो आणि भांडण मिटलं. भाऊ काही आला नाही.

मी त्यांना एका रविवारी धरलं. ते अंगणात तुळशीला पाणी घालत होते.

"अण्णा, तुमचं स्वतःचं मत काय हो?"

"तंगी, आज कोर्टाला सुट्टी," ते म्हणाले. मला ते तंगी म्हणत, म्हणजे धाकटी बहीण. आणि पाणी इतकं घातलं की तुळस कुजली.

रंगूनची आणि तिची सासू आल्या त्या चीनच्या लढाईनंतर, एका पावसाळ्याच्या शेवटी. सासू मूळची आमच्याच गल्लीतली, शिंप्यांची. लग्न होऊन ब्रह्मदेशात गेली, तिथे त्यांचं कपडे शिवायचं दुकान होतं. मुलाने तिथलीच बायको केली. मग तिथे सगळं सरकारजमा झालं, दुकानही गेलं. मुलगा छातीच्या दुखण्याने गेला. या दोघी बोटीने मद्रासला आणि तिथून इथे. म्हातारीला सरकारने परत आलेली म्हणून घेतलं. सुनेला नुसतं आलेली म्हणून, सहा महिन्यांच्या परमिटवर.

तिचं नाव मला नीट उच्चारता आलं नाही, म्हणून मी विचारणंच सोडलं. सगळेच तिला रंगूनची म्हणत. बाहेरचे चिनी म्हणत. मराठी सासूकडून शिकलेली, त्यामुळे ती आमच्या आज्यांसारखं बोलायची. सासू कमरेपासून लुळी, हातांतही जोर नाही. तिला उठवणं, बसवणं, भरवणं, धुणं सगळं हीच करायची. आणि म्हातारी काही गोड नव्हती. दिवसभर शिव्या द्यायची. सुनेला द्यायची, सून नसली की भिंतीला द्यायची.

नोटीस आल्यावर वठारातल्या बायकांनी अण्णांशी बोलणं टाकलं. मी टाकलं नाही. मी जाऊन तोंडावर बोलले.

"म्हातारीला कोण बघणार आता? तुमची टोपी?"

"तंगी, त्याने अर्धंच लिहून नेलं," अण्णा म्हणाले. खरंच गोंधळलेले दिसत होते. "मला वाटलं शुक्रवारी परत येईल. दुसरी बाजू न ऐकता कुणी निकाल देतं का? तीस वर्षांत मी असं पाहिलं नाही."

"पोलीस म्हणजे कोर्ट नव्हे अण्णा!"

"ते मला माहीत नव्हतं," ते म्हणाले. कोर्टात जन्म काढलेला माणूस असं म्हणाला. खोटं बोलले असं मला वाटत नाही.

शुक्रवारी ते पांढरा रुमाल बांधून इन्स्पेक्टरच्या ऑफिसात गेले. म्हणाले, उरलेला जबाब घ्या. कारकुनाने सांगितलं, जबाब झालेला आहे, सही आहे, जा. अण्णा बाहेरच्या बाकावर बसले. संध्याकाळी घरी आले. सोमवारी पुन्हा गेले. बुधवारी गेले. शिपाई हाकलत असे, हे पुन्हा येऊन बसत. बरोबर डबा नेत. आल्यागेल्याला सांगत, बाईने राहावं याची माझ्याकडे सात कारणं आहेत, एक जास्तच आहे. तिथे नाना देशांची माणसं मुदतीचे कागद घेऊन यायची. अण्णा त्यांनाही सल्ला द्यायचे.

मंगळवारी, गुरुवारी, शनिवारी मात्र जात नसत. मी विचारलं, महिना संपत आलाय, रोज का जात नाही?

"मंगळवारी गेलो तर मला उलटं बोलावं लागेल. तिचं नुकसान होईल."

तिसऱ्या आठवड्यात इन्स्पेक्टर कंटाळला. बाकाशी येऊन म्हणाला, "सरी, ठीक आहे, मी स्वतः येतो, पुन्हा चौकशी करतो. पण तुम्ही इथनं उठा."

"शुक्रवारी या," अण्णा म्हणाले.

"शुक्रवारी? सोमवार, बुधवार, शुक्रवार तुमच्यामुळे माझं एक काम होत नाही. ती सगळी मी मंगळवारी आणि गुरुवारी उरकतो. या गुरुवारी दहा वाजता येतो. त्यानंतर काही ऐकणार नाही."

बुधवारी संध्याकाळी अण्णा माझ्या दाराशी आले. आत आले नाहीत.

"तंगी, उद्या तू बोल."

"मी? मी काय बोलणार?"

"या वठारात सगळ्यात जास्त तूच भांडतेस."

"मी कशाला? तुम्हीच उद्या एक दिवस पांढरा रुमाल बांधा की! कोण बघणार आहे?"

अण्णा म्हणाले, "मग मी सोमवारी जे बोलतो, त्यालाही काही किंमत उरणार नाही."

मी म्हटलं, तुमच्या किमतीला आग लावा, ती बाई बोटीत बसणार आहे. ते निघून गेले. मला वाटलं, ऐकतील.

गुरुवारी दहा वाजता ते काळी टोपी घालून जगलीवर आले.

इन्स्पेक्टर मधे खुर्चीवर. या वेळी त्याने पुरा कागद आणला होता. अण्णा डाव्या हाताला. मी उजव्या हाताला उभी, हळदीचे हात पदराला तसेच पुसलेले. रंगूनची उंबऱ्यात. म्हातारी आत खाटेवर, पण दार उघडं होतं, तिला सगळं ऐकू जात होतं.

अण्णांनी सुरुवात केली. मला वाटलं होतं हळू बोलतील, दोन कारणं गाळतील. काही गाळलं नाही. उलट दोन वाढवली. इतकं मुद्देसूद बोलले की इन्स्पेक्टर मान डोलवायला लागला. मग तो माझ्याकडे वळला.

"तुमचं काय, अम्मा?"

मला मुद्दे येत नव्हते. मी म्हटलं, "साहेब, ही गेली तर म्हातारीचं हगणं-मुतणं कोण काढणार? तुम्ही?"

"शेजारी काढतील," अण्णा म्हणाले. "इतकी बिऱ्हाडं आहेत."

"मी नाही काढणार. आत्ताच सांगून ठेवते. मला तीन पोरं आहेत. आणि मला ती म्हातारी आवडत नाही."

"मलाही तू आवडत नाहीस गं, सटवे!" आतून आवाज आला.

"सरकारी इस्पितळात ठेवता येईल," अण्णा म्हणाले.

"तिथे दोन दिवसांत मरेल."

"मी नाही मरायची!" पुन्हा आतून.

इन्स्पेक्टर हसला. मी म्हटलं, "साहेब, म्हातारी आपली आहे म्हणून तुम्ही घेतलीत. मग तिचे हातपाय बाहेर कसे ठेवता? तिचे हातपाय म्हणजे ही. घ्यायचं तर सगळं माणूस घ्या."

हे मला कसं सुचलं कोण जाणे. अण्णांनी माझ्याकडे चमकून पाहिलं. मला वाटलं, संपलं, आपण जिंकलो. पण त्यांनी हात वर केला.

"मला बाईला एक प्रश्न विचारायचा आहे."

इन्स्पेक्टर म्हणाला, विचारा. अण्णा उंबऱ्याकडे वळले. इतक्या महिन्यांत ते तिच्याशी समोरासमोर कधी बोलले नव्हते, पाणी ठेवून निघून जात.

"बाई, रंगूनला तुझं कोण आहे?"

"आई आहे," ती म्हणाली.

"तुला तिच्याकडे जावंसं वाटतं?"

मी तिच्याकडे बघून मान हलवत होते, नाही म्हण, नाही म्हण. तिने माझ्याकडे बघितलंच नाही.

"वाटतं," ती म्हणाली. "रोज वाटतं."

आम्ही तीन आठवडे तिच्यासाठी धावत होतो, भांडत होतो, पण हा प्रश्न आमच्यातल्या कुणीच विचारला नव्हता. विचारला तो काळ्या टोपीने.

अण्णा इन्स्पेक्टरकडे वळले. "लिहा. बाईला स्वतःलाच परत जायचं आहे."

इन्स्पेक्टरने लिहायला घेतलं. तेव्हा रंगूनची उंबऱ्यातून बाहेर आली आणि तिने सरळ त्याच्या कागदावर हात ठेवला. पोलिसाच्या कागदावर.

"जायचंय," ती म्हणाली. "पण आत्ता नाही. हिला जेवायला कोण घालणार? ही आहे तोवर मी आहे. मग जाईन. तसं लिहा."

आत म्हातारी पहिल्यांदाच गप्प होती.

इन्स्पेक्टरने तिचा हात बाजूला केला आणि लिहिलं. वाचून दाखवलं. सासू हयात असेपर्यंत, दर वर्षी तपासून, मुदत वाढवण्यास हरकत नाही. साहेबांपुढे ठेवतो म्हणाला. टोपी घालताना त्याने अण्णांना विचारलं, "एन्री, काय हो, तुमचं खरं मत काय? तिने राहावं की जावं?"

"आज गुरुवार आहे," अण्णा म्हणाले. "मी सांगितलं आहे."

"मग रविवारी विचारू?"

"रविवारी कोर्ट बंद असतं."

इन्स्पेक्टर गेला. मी अण्णांना सोडलं नाही.

"तो प्रश्न मुद्दाम विचारलात ना? तिला वाचवायला?"

"दुसऱ्या बाजूच्या साक्षीदाराला उलट विचारायचं असतं. विचारलं."

"ती काय म्हणेल ते ठाऊक होतं तुम्हाला?"

"नव्हतं."

"आणि ती नुसतीच 'जायचंय' म्हणाली असती तर?"

अण्णांनी टोपी काढली, तिच्या आत बघितलं आणि पुन्हा घातली. "तर गेली असती," ते म्हणाले. मग उठून बादली घेऊन हंड्याकडे गेले. बोलण्यात पाण्याला उशीर झाला होता आणि म्हातारी ओरडायला लागली होती.

मुदत वाढली. पुढे दर वर्षी वाढत गेली. दोन वर्षांनी अण्णा गेले, एका बुधवारी, झोपेत. पांढरा रुमाल बांधायचा की टोपी घालायची यावर शेट्टी आणि बाकीचे भांडायला लागले. मी म्हटलं, काही नको, तसेच न्या. तसेच नेले. पाण्याची बादली मग मी ठेवायला लागले. म्हातारी मला आवडत नव्हती, तरी ठेवली.

तिसऱ्या वर्षी रंगूनहून पत्र आलं. तिथल्या अक्षरातलं, आम्हाला कुणाला वाचता येईना. तिने नळावर उभं राहून वाचलं, घडी करून कमरेला खोचलं आणि घागर भरून घेतली. संध्याकाळी म्हातारीला भरवून झाल्यावर मला म्हणाली, "अक्का, माझी आई गेली." मी विचारलं, कधी? म्हणाली, चार महिने झाले.

म्हातारी त्यानंतर आणखी दोन वर्षं जगली. ती गेल्यावर दुसराच एक इन्स्पेक्टर आला, तरुण, फाइल घेऊन. म्हणाला, सासू असेपर्यंत असं लिहिलं आहे, आता काय? ती म्हणाली, आता तिकडे कोणी नाही. मी शेजारी उभी होते. जगलीवर दोन्ही बाजू बोलायला कुणी नव्हतं, म्हणून मी गप्प राहिले. त्याने ते लिहून नेलं. नंतर काही आलं नाही, नोटीसही नाही.

तिने जावं हे बरोबर होतं की राहावं हे, ते मी आजपर्यंत ठरवू शकलेले नाही. ती राहावी म्हणून मीच तोंड वाजवलं होतं. तिची आई तिच्याविना मेली, हेही खरं आहे. तिला विचारलं तर ती म्हणते, अक्का, पाणी तापलं का बघ.

त्या गुरुवारी आम्ही पाच जण होतो. अण्णा गेले. म्हातारी गेली. इन्स्पेक्टरचं मला माहीत नाही. ती आहे, पलीकडच्या खोलीत. आणि मी आहे.